एकशे एक्केचाळिसावं

आमच्या टेकडीला दोन डबे आहेत, एकाच तारेला बांधलेले.
वरचा खाली येतो तेव्हाच खालचा वर जातो.
मधोमध दोघे एकमेकांना ओलांडतात
आणि खिडकीतली माणसं उगाच हात करतात,
ओळख नसली तरी. वालपराइसोत हे चालतं.

मी वरच्या खोलीत बसते. ब्रेकचा दांडा, घंटा, तिकिटांची पेटी
आणि पेटीला टेकवलेला टॅब्लेट, कोपऱ्यात तडकलेला.
आयेलेन पुन्ता आरेनासला गेली तेव्हा माझ्या गळ्यात मारून गेली:
आई, नुसती बसून असतेस, यावर ढोल वाजव.

वाजवला.
एका फेरीला मिनिटभर लागतं, तेवढ्यात एक लूप होतो.
ढोल चारचा, त्यावर बास, त्यावर गिटार,
वर टाळ्या. टाळ्या मात्र सहाच्या,
आमच्याकडे हात सहातच पडतात,
अ‍ॅपला हे पटवून देण्यात एक हिवाळा गेला.
मग सगळं एकमेकांत बसलं, इतकं घट्ट
की सुरू कुठून झालं ते मलाच सापडेना.
घाण्याचा बैलसुद्धा संध्याकाळी सुटतो.

तीन वर्षांत एकशे चाळीस लूप.
नावं अ‍ॅपनंच दिलेली: नवीन गाणं १, नवीन गाणं २.
गाणं म्हणे!
एकशे चाळीस बाह्या शिवून ठेवल्या होत्या,
सदरा एकही नाही.

आमारो, योलांदाचा नऊ वर्षांचा मुलगा,
शाळा सुटली की माझ्याकडे येतो, कारण इथे हीटर आहे.
पावात अव्होकाडो चेपून खात ऐकतो.
एकदा लूप चार वेळा फिरला आणि तो म्हणाला,
"मग?"
गोष्ट ऐकताना हूं म्हणतात तसं नव्हतं ते.
खरंच विचारत होता.
मग काय, म्हटलं, परत तेच.
"ते कळलं. पण मग?"

जूनमध्ये तार बदलायला घेतली.
बाल्दोमेरोनं एकच डबा मोटरला लावून वर ओढून पाहिला.
मोटर कण्हली.
"नुसता चढणारा डबा कुणाला ओढवत नाही,"
तो ग्रीस पुसत म्हणाला, "दुसरा उतरणारा लागतो."
तो तारेबद्दल बोलत होता.
मीही तारेबद्दलच ऐकलं,
घरी भांडी घासायला घेईपर्यंत.

रात्री लूप एकापुढे एक मांडला, चोवीस वेळा.
रंगीत विटांची भिंत झाली.
आणि मी बोटानं विटा काढायला लागले.
आधी ढोल, सुरुवातीच्या चार घरांतून.
मग बास. मग माझी लाडकी गिटार,
तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले,
तीही.
उरल्या टाळ्या, आणि त्यांच्याखाली काहीच नाही,
बंदराचा भोंगा वाजण्याआधी धुक्यात असतं तसं.
मग ढोल आला तेव्हा तो आला.
तीन वर्षं नुसता होता.

मधे एका ठिकाणी पाचवी टाळी चुकली आहे,
सर्दीत वाजवलेली. ठेवली.
शेवट मात्र जमेना. आवाज बारीक बारीक करत नेणं म्हणजे
पाहुण्यानं "येतो" न म्हणता जिना उतरणं.
शेवटी ब्रेकचा दांडा पडतो तो आवाज लावला,
ठक,
जुन्या तारेवेळी टिपून ठेवलेला. आता तसा येत नाही.

आमारोनं ऐकलं, तीन मिनिटं बारा सेकंद,
पाव हातात तसाच.
ठकनंतर मी वाट पाहिली.
खालून घंटा वाजली, कुणीतरी डब्यात चढलं होतं.
"संपलं?"
हो, म्हटलं.
"एक टाळी चुकलीय तुझी."

नाव अजून नवीन गाणं १४१ च आहे,
बॅटरी चार टक्के होती.
मी दांडा सोडला.
वरचा डबा रिकामाच निघाला, खाली.