मोकळं आहे का?

फेब्रुवारीत एल्स्पेथ मॅक्ले टिमारूच्या माझ्या गॅरेजात आली.
टो-ट्रकवर लाल ट्रायम्फ, पर्समध्ये घडी घातलेला कागद,
कागदावर एकच ओळ:
चाक माझ्या बाजूला आणा.

गाडी जन्मली कॉव्हेंट्रीत, नांदली ओरेगॉनात,
मग डूगलने बोटीत घालून इकडे आणली,
उजव्या चाकाच्या देशात ही डावरी.
एकतीस वर्षं तो डावीकडे, ती उजवीकडे.
पुढे दुधाचा टँकर आला
की त्याला दिसायची नुसती टँकरची पाठ.
‘मोकळं आहे का?’ तो विचारायचा.
ती मान बाहेर काढून बघायची
आणि म्हणायची ‘जा’,
किंवा ‘थांब’.
एकदाही चुकले नाही, असं तिनं सांगितलं,
वाण्याच्या बिलाची बेरीज सांगावी तसं.

सिओने, माझा शिकाऊ पोरगा, त्याला राहवलं नाही.
‘सरळ पलीकडच्या सीटवर बसलात तर?
चार हजार डॉलर वाचतील.’
‘ती जागा त्याची,’ ती म्हणाली,
‘आणि मी माझ्या जागेवरून उठणार नाही.’
मी सिओनेला उगाच पाना आणायला पाठवलं.

मग मार्च, एप्रिल.
कारखान्यातल्या कुणा शहाण्याने
इंजिनामागच्या पत्र्याला दोन्हीकडे भोकं पाडून ठेवलेली:
एकीकडे पेडल, दुसरीकडे झाकण.
साठ वर्षं त्या झाकणाचे स्क्रू कुणी हलवले नव्हते.
तेल सोडलं, रात्रभर ठेवलं,
सकाळी तिसऱ्या हिसक्याला पहिला सुटला.

स्टिअरिंगचा रॅक मात्र नुसता उलटून चालत नाही.
तसा बसवलात, तर चाक डावीकडे फिरवाल
आणि गाडी उजवीकडच्या खड्ड्यात जाईल.
नवा शोधावा लागतो.
वायमाटेच्या भंगारात मिळाला,
एका मेलेल्या बहिणीच्या पोटातून,
वर कोंबडीचं घरटं होतं.

तिच्या बाजूचा गालिचा उचलला त्या दिवशी
मी सिओनेला हाक मारली.
उजव्या पायाखाली, टाचेच्या थोडं पुढे,
गालिच्याला वाटीएवढं टक्कल,
आणि खाली पत्र्याला पोचा.
तिथे कधीच काही नव्हतं.
वळणावर, उतारावर, मेंढ्यांच्या कळपासमोर
बाई एकतीस वर्षं नसलेला ब्रेक दाबत आली होती.
टेप लावून बघितलं.
पेडल येणार होतं
त्या टकलाच्या बोटभर डावीकडे.
मी बोटभर सरकवलं.
नियमात बसतं का, मला विचारू नका.

वायपरची झोपायची बाजू बदलली.
हेडलाइट आता समोरच्याच्या डोळ्यांत न जाता
डावीकडच्या कुंपणावर पडतात.
गिअरचा दांडा मात्र होता तिथेच, मधोमध.
त्याची मूठ डूगलच्या उजव्या तळव्याने झिजलेली.
नवी बसवू का, विचारलं,
तर तिनं डावा हात त्यावर ठेवला आणि
उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात, गुरुवारी, चाचणी.
तिनं इंजिन सुरू न करताच ब्रेक दाबला.
पुन्हा दाबला.
‘लागला,’ म्हणाली, ‘अखेर लागला मेला.’
आणि इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

मी डूगलच्या जागेवर.
सीटची एक स्प्रिंग गेलेली, त्याच्या वजनाने बहुधा.
जेराल्डिनच्या रस्त्यावर ती बरी चालवत होती,
थोडी वेगातच.
पुढे लोकरीचे गठ्ठे भरलेला ट्रक.
मला दिसत होती ट्रकची पाठ, ताडपत्री, एक सुटलेली दोरी.
ती किंचित उजवीकडे झुकली, नीट बघितलं,
आणि स्वतःलाच, मोठ्याने म्हणाली, ‘जा.’

माझा उजवा पाय
आपसूक खाली दाबला गेला,
पत्र्याच्या नव्या झाकणावर.