डाक एक दिवस उशिरा

फेब्रुवारीत परीक्षा झाली तेव्हापासून
त्रिवेणी रोज दारातच विचारते,
"आली का जी, बाबा?"
मी थैली उलटी करून दाखवतो:
दोन मनिऑर्डरी, विम्याची नोटीस,
भिलाईला गेलेल्या कुणाचं तरी कार्ड.
पळसटोल्यात आठवड्याला अकरा पत्रं येतात, फार तर बारा.
त्यांतलं एक कधीतरी आपलं निघेल,
एवढं गणित ती करून बसली आहे.

गणित तिचं पक्कंच आहे.
अडलं ते त्रेचाळिसाव्या प्रश्नात,
आरशातली आकृती ओळखा.
तो तिनं तेव्हापासून शंभरदा काढला,
कोळशानं ओट्यावर, बोटानं पिठात,
मोहफुलं वाळत घातली त्या सारवणावर काडीनं.
"बाण डावीकडं जाते का उजवीकडं?"
तिची आई झाडू घेऊन ताटकळते.
उत्तर सापडेस्तोवर अंगण झाडायचं नाही.

आईचंही आपलं वेगळंच.
साकोलीच्या बाजारातून लोखंडी पेटी घेऊन आली.
"तांदूळ ठेवाले," म्हणाली.
तांदूळ अजून कोठीतच आहेत.
पेटीच्या झाकणावर रंगाऱ्यानं
नावापुरती पांढरी पट्टी सोडली आहे.

मे महिन्यात, सारं गाव तेंदूच्या फळीवर पुडे मोजत होतं,
तेव्हा थैलीतून खाकी पाकीट निघालं.
शाळेचा गोल शिक्का.
कु. यामिनी मनिराम कापगते.
मी थैली झटकली. अस्तर बाहेर काढलं.
रोज लेकीला दाखवतो तशी
स्वतःलाच उलटी करून दाखवली.

नियम असा, की डाक आली
की पाकिटाच्या पाठीवर त्या दिवसाची तारीख पडते.
एकोणीस वर्षं पडत आली आहे,
पुरात, तापात, बाप गेला त्या सोमवारीसुद्धा.
त्या दिवशी शिक्का शाईत बुडवला
आणि तसाच कोरड्या कागदावर टेकवून ठेवला.
"आज डाक नाही," म्हणालो.

का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
फाडायचं नव्हतं.
आत हजर व्हायची तारीख असेल, ती टळावी
असंही मनात नव्हतं.
(नव्हतं, असं मी आता म्हणतो.)
एक रात्र फक्त
माझ्या घरात असं पाकीट असावं, एवढंच असेल.
ठेवायला जागा शोधली तर ती पेटीच सापडली.
तिच्यात पहिल्यांदा काही ठेवलं गेलं ते हे.

सकाळी त्रिवेणीनं पेटी उघडली,
आपला कंपास ठेवून बघायला.
पाकीट उचललं. पत्ता वाचला मोठ्यानं,
वर्गात हजेरी घेतात तसा,
नाव, बापाचं नाव, आडनाव,
मुक्काम, पोस्ट, तालुका.
पुढं तिचं नाव येईल म्हणून मीही थांबलो.
चूल फुंकणारी तिची आईही थांबली.
"बाबा," ती म्हणाली,
"हे त्यायच्या घरी द्याचं राहून गेलं जी."

शिक्का मारला. आजचा.
सायकलच्या कॅरिअरवर ती, तिच्या मांडीवर पाकीट,
बोडीच्या पाळीवरून गेलो.
पाण्यात आमची सायकल उलटी चालत होती,
तिनं तिकडं पाहिलं की नाही, मला दिसलं नाही.

मनिराम गिरणीतून कोंड्यानं पांढरा होऊन आला.
"तुम्हीच वाचा जी पोस्टमास्तर, मले चष्मा नाही."
मी वाचलं.
निवड झाली आहे, हे तीन शब्द
एकदा वाचले, त्यानं पुन्हा म्हणा म्हटलं,
पुन्हा वाचले.
त्याच्या बायकोनं गुळाचा खडा आणला,
पहिला त्रिवेणीच्या तळहातावर ठेवला.

ती गूळ न खाता मुठीत धरून
यामिनीच्या अगदी जवळ गेली.
"त्रेचाळीसचं काय लिहिलं होतं तू?
बाण कोणत्या बाजूचा?"

यामिनी खूप वेळ छताकडं बघत राहिली.
"मले नाही आठवत," म्हणाली.