ठराव क्रमांक चार

सभा पाच वाजता सुरू झाली, असं मी लिहिलं.
खरं तर साडेपाच झाले होते,
जिनिंगवाले बुटलेसाहेब उशिरा आले,
पण इतिवृत्तात वेळ नेहमी पाचच.
ते माझं पहिलं खोटं. लहानसं, सवयीचं.

कूलरला पाणी नव्हतं, नुसती गरम हवा
अन् वाळ्याचा जुना वास.
विषय एक: भंडाऱ्याचा हिशेब, सव्वीस कढया आलू-वांगं.
दोन: पादुकांना चांदी.
तीन: बोअर आटली.
चौथ्याला अध्यक्ष म्हणाले, दार लोटा.
मी उठून लोटलं.

बाहेर पायरीवर ती बसलेली,
मारेगावकडून दोन एसट्या बदलून आलेली.
पदराच्या गाठीत पोराचा वसतिगृहाचा बिल्ला,
नंबर एकतीस.

डॉक्टर म्हणाले, पोट्टं आधीपासूनच भित्रं आहे.
हेडमास्तर म्हणाले, महाराजांनी या गावाची दारू सोडवली.
ते खरं होतं.
माझ्या बापाचीही सोडवली होती.
म्हणून पेन थांबला नाही:

'सदर विद्यार्थ्यास वातावरण न मानवल्याने
पालकांच्या संमतीने घरी पाठविण्यात आले.
महाराजांनी प्रकृतीच्या कारणास्तव
पैनगंगेकाठच्या शाखेत मुक्काम करावा.
सर्वानुमते मंजूर.'

पैनगंगेकाठच्या शाखेतही वसतिगृह होतं.
चाळीस खाटा.
गाद्यांचं बिल मीच पास केलं होतं.

सात सह्या झाल्या. मी टीपकागद दाबला.

ती उठून उभी राहिली.
'काय लिवलं जी माह्या पोराबद्दल? वाचून दाखवा ना.'
पैसे मागितले असते तर सोपं होतं,
पाकीट कपाटात तयार होतं.
'घरी जा बाई,' मी म्हणालो, 'लिवलं हाय सारं.'
'रातीले दिवा इझवू देत नाही तो,' ती म्हणाली.
'हे लिवलं का?'
मी एसटीची वेळ सांगितली.

अकरा वर्षं.
'जाऊ द्या ना, देवाच्या दारची गोष्ट'
या एका वाक्यानं गावात किती दारं लोटली
ते कुठल्या वहीत नाही.

मग मागच्या फाल्गुनात त्या शाखेतला एक पोरगा,
आता मिसरूड फुटलेला, ट्रॅक्टर चालवणारा,
दुपारच्या उन्हात ठाण्याच्या पायऱ्या चढला. एकटा.
महाराजांना नेलं.
विश्वस्तांनी पत्रक काढायचं ठरवलं:
दोष व्यक्तीचा, संस्थान निर्मळ.
लिहायला मला बोलावलं,
माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

त्या सकाळी मी कपाट उघडलं, वही काढली,
पोथीच्याच लाल फडक्यात बांधली
अन् जिल्ह्याची गाडी धरली.
वही मांडीवर. कंडक्टरनं पाया पडल्यागत
तिला हात लावून कपाळाला नेला.
मी काही बोललो नाही.

कोर्टात विचारलं, हे कोणी लिहिलं?
अक्षर माझं.
सह्या वाचा.
सातही वाचल्या, पदांसकट, मोठ्यानं.
त्यांचे वकील उठले, श्रद्धेला मध्ये आणू नका म्हणाले.
मी म्हणालो, साहेब,
मी फक्त हजर असलेल्यांचीच नावं वाचतोय.

पोराचं नाव कोर्टानं झाकलं. कायदाच तसा आहे.
मीही इथं घेणार नाही.
'सदर विद्यार्थी' आम्हीही लिहिलं होतं,
तेव्हा झाकायचे होते ते आम्ही.

व्हरांड्यात ती भेटली. केस पिकलेले.
तिनं हात जोडले नाहीत, मीही पाया पडलो नाही,
तेवढा हक्क उरला नव्हता.
झेरॉक्स काढून उभ्याउभ्या सारा ठराव तिला वाचून दाखवला,
स्वल्पविरामासकट, अकरा वर्षं उशिरा.

ती ऐकत राहिली. शेवटपर्यंत.
मग म्हणाली,
'अन् दिव्याचं?'

दिव्याचं नाही लिवलं, बाई.