बुडीत

वंशावळ शंभराच्या स्टॅम्पपेपरवर.
घणसोली नाक्यावरच्या टायपिस्टने
पुरुषांना चौकोन दिले, बायकांना
नुसती रेघ.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाला एवढं पुरतं, म्हणाला.
हाशाच्या चौकोनाखाली तीन मुलगे.
ते कुणाच्या पोटातून आले
हे सिडकोने विचारलं नव्हतं.

काकांना विचारलं, हाशाची बायको कोण?
"हाशाची बायको," काका म्हणाले
आणि जाळ्याची गाठ दाताने तोडली.
मग बऱ्याच वेळाने,
जसं काही मी दुसरंच विचारलं होतं:
"आपले घरावं कदी कोनाचं देनं नव्हतं. त्यां लिव."

ठाण्याला तिसऱ्या खेपेत फेरफार सापडला.
सन एकोणीसशे सहा. हाशा मयत. वारस मुलगे तीन.
मयताच्या बायकोचा जबाब घेतला,
निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
शाई पसरलेली,
खाजणातून पाय उपसल्यावर
मागे राहतो तसा खळगा.
नाव नाही.
हाशा गेला तो जाताना
तेही घेऊन गेला असावा.

टेमकर सर मोडी वाचतात, पानाला तीनशे घेतात.
तेच म्हणाले, तुमचं आगर ज्या शेठचं होतं
त्याचं मृत्युपत्र बघा.
मोठ्या माणसाच्या मरणात
बारक्यांची हजेरी लागते.

शेठ फरामजी. प्रोबेट, अठराशे त्र्याण्णव.
बग्गी एक. विलायती घड्याळं चार, पैकी चालू दोन.
पियानो, पाय मोडका.
झुंबर, लोलक मोजून लिहिलेले.
मिठागरं नावानिशी, बांधानिशी, उघाडीनिशी.
त्यांत कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं कोण होतं
त्याला रकाना नव्हता.

शेवटची सात पानं येण्याची.
सरांचं बोट उतरत उतरत एका ओळीवर थांबलं.
"बाई चांगी कोम हाशा, मौजे घणसोली.
येणे रुपये सात, आणे चार. बुडीत."

कोम म्हणजे अमक्याची बायको, सर म्हणाले.
मी तोवर कोम फक्त
भिजवलेल्या वालाला फुटलेला पाहिला होता.

आणि कडेला, दुसऱ्या टाकाने, कारकुनाचा शेरा:
"तीन वेळा तगादा केला. देत नाही. हसते."

तो शब्द कुठला, मी म्हटलं, दाखवा.
सरांनी दाखवला.
एका दमात लिहिलेला, टाक न उचलता.
मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं
आणि मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

कशाला घेतले असतील सात रुपये?
पोराच्या तापाला, होडीच्या फळीला, नथीला?
कागद सांगत नाही. मीही सांगणार नाही.
एवढं मात्र दिसलं, की ज्यांनी फेडले
त्यांच्या नावांवरून जाड काट मारलेली, पुढे "पावले".
काटेखालचं सरांनाही लागलं नाही.
फेडणारे फिटले.
तू फेडलं असतंस, चांगे,
तर टायपिस्टच्या आधीच
तुझी रेघ झाली असती.

ते आगर आता सेक्टरमध्ये मोडतं.
तिथल्या एका इमारतीच्या तळघरात
भिंतीला मीठ फुटतं.
वॉचमन म्हणतो, सोसायटीने दोनदा रंग काढला.
मी नखाने थोडं खरवडलं, जिभेवर ठेवलं.
तो बघत राहिला.

रात्री काकांना सांगितलं.
सात रुपये चार आणे.
काकांनी जाळं बाजूला ठेवलं.
"फेडलं नाय?"
नाही.
उठले, ओटीवर जाऊन
दोन्ही बाजूंना बघून आले,
दाराला आतून कडी घातली.
मग खाली बसत, हळूच:
"काय नाव बोल्लीस?"