सात नंबर

जामनेर रोडवर माझं दुकान.
राख्या, फटाके, पतंग, ज्या महिन्यात जे खपेल ते.
रोबोट मात्र बारा महिने,
वरच्या फळीवर, काचेमागे,
प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

लोक विचारतात, हे घेतं कोण हो,
पोरं की मोठी माणसं?
मी म्हणते, हात बघा.
पोराचा हात खेळण्यावर जातो,
मोठ्याचा खोक्यावर.
पोरगं विचारतं, बोलतो का? मारतो का?
मोठा विचारतो, कोपरा दबलेला नाही ना?

टिकाराम फेगडे, मालगाडीचे ड्रायव्हर.
अठ्ठावन्न वाघिणी कोळसा ओढत आणणारा माणूस
खोकं असं उचलतो, की दुधावरची साय मोडू नये.
अकरा वर्षांत एकही फोडलं नाही.
घरी कपाट आहे म्हणे, कुलपातलं,
त्यात एक ते बारा, सातवा सोडून.
सातवा कारखान्यातूनच कमी निघाला, असं कुणी सांगतं.
कुणी म्हणतं, नाशकात एकाकडे आहे, पण तो दाखवत नाही.
पगार झाला की फेगडे येतात,
"आला का हो?"
मुलीच्या स्थळाचा निरोप विचारावा तसं.

मे महिना. भुसावळचा मे,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
कंडारीचा दर्शील झांबरे गारीगार घ्यायला आला,
वय आठ, फार तर नऊ,
आणि काखेत सात नंबर.
रंग उडालेला. एक डोळा नाही.
डावा हात खांद्यातून तुटलेला,
केळीच्या सोपटानं घट्ट बांधलेला.
मामाच्या भंगारात सापडला, म्हणाला.

फेगडे तिथंच होते.
मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.
"तीन देतो. नवे. सीलबंद. तो मला दे."
पोरानं विचार केला.
गारीगार ओघळून कोपरापर्यंत आलं.
"ते बोलतात का?"
"माहीत नाही."
"काबरं माहीत नाही? तुमचेच आहेत ना?"

पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"उघडून दाखवा, मग घेतो," दर्शील म्हणाला,
"एवढं काय त्यात, काका."
फेगड्यांनी फळीवरून एक खोकं काढलं,
पैसे आधी ठेवले,
नख टेपखाली घातलं.
टेप उन्हानं नरम झालेली, नुसती ओढली असती तरी निघाली असती.
नख तिथंच थांबलं,
पुढे लाल दिसल्यासारखं.
मग हात मागे आला.

पोरगं निघून गेलं.
जाताना रोबोटला गारीगार चाटवत होतं.

दिवाळीपर्यंत दर्शीलचं मन बॅटवर गेलं.
सात नंबर धाकट्या बहिणीकडे.
तिनं त्याला झबलं शिवलं,
बाहुलीशी लग्न लावलं,
रोज आंघोळ घालते, म्हणून गुडघ्यात गंजलाय.
हे मीच सांगितलं फेगड्यांना.
वाटलं, हळहळतील, किंमत सांगतील.
ते दोनदा एवढंच म्हणाले,
"आंघोळ घालते?"
"रोज आंघोळ घालते?"

कोण जास्त जीव लावतं, मला विचारू नका.
माझ्याकडे काटा आहे तो फटाक्यांच्या दारूपुरता.
एक जण वस्तू मोडून विसरतो,
एक जण न मोडता जागा राहतो,
आणि खपतात दोघांच्याही जिवावर.

परवा रात्री शटर अर्धं ओढलेलं,
फेगडे वाकून आत आले, ड्यूटीचा डबा हातात.
"दोन पेन्सिल सेल द्या."
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
"घड्याळाला का?" मी विचारलं.
ते सुटे पैसे मोजत राहिले,
एक रुपया दोनदा मोजला.

वहीत लिहिलं, सेल, दोन नग.
कशासाठी, असा रकाना नाही तिच्यात.