शून्यापासून

कुंभार्ली घाटाने आपण खाली उतरत होतो
तेव्हा माझी मावसबहीण फोनवर हसली,
"कराडात वर राहता, आणि चढायला खाली जाता?"
तू गिअर बदलत म्हणालास,
डोंगर शून्यापासून चढायचा असतो.
शून्य म्हणजे समुद्र.
भूमापनात तीस वर्षं काढलेला माणूस
असंच बोलणार.

म्हणून आधी गुहागर.
पहिल्या संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
तू पाण्याची रेघ मोजत उभा,
भरती कुठवर, ओहोटी कुठवर.
मी नुसती भिजले.

नवे बूट माझ्या टाचेला चावत होते.
बाजारपेठेत चपला शिवणाऱ्या दगडूकाकांनी
आत लाकडी साचा ठोकला, कडांना खोबरेल चोळलं,
"कुटं चाल्लाव?"
महिपतगड.
"तितं काय हाय?"
तू सुरू झालास, बुरूज, टाकी, दरवाजे.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले,
"सासरा माजा गुरं शोदाया चडायचा तितं. अनवानी."
आणि दहाच रुपये घेतले.

तिसऱ्या दिवशी अंजनवेलचं दीपगृह.
रखवालदार पुढे, मी मधे, तू मागे,
गोल गोल जिना, आणि शेवटी उभी लोखंडी शिडी.
वर वाऱ्याने ओढणी तोंडावर आली,
ती बाजूला केली तर खाली सगळी खाडी,
दाभोळची फेरीबोट नखाएवढी.
तुला दाखवायला वळले
तर तू नव्हतास.

शिडीच्या पायाशी बसला होतास,
एक हात भिंतीला सपाट लावून,
तापाने फणफणलेल्या पोराच्या
कपाळाला लावावा तसा.
तू वर पाहिलं नाहीस.
मी पुन्हा समुद्राकडे तोंड केलं
आणि उगाच मोठ्याने ओरडले,
"विद्याधर, काही घाई नाही रे!"

मग त्या रात्री, दामल्यांच्या खाणावळीत,
तू कुळथाचं पिठलं दुसऱ्यांदा मागत होतास
आणि मी मागचं एकेक आठवत होते.
गच्चीवरची टाकी धुवायला नेहमी माणूस.
छताचा पंखा नेहमी मीच पुसायचा.
जत्रेतल्या पाळण्यात मी आणि आपली ईशा,
तू खाली,
"मी पिशव्या सांभाळतो."
तेवीस वर्षं तू पिशव्या सांभाळल्यास!

आणि गडाची हौस तुझीच.
नकाशावरच्या समोच्च रेषा जिथे दाटून
जवळजवळ काळ्या होतात
तिथे बोट टेकवून म्हणायचास,
इथे एकदा जायचं.
बोट कधी थरथरलं नाही.
कागदाला उंची नसते.

धोपाव्याच्या धक्क्यावर फेरी लागली.
आपल्या पुढे कोंबड्यांचा टेम्पो,
पिसं उडून आपल्या काचेवर चिकटलेली.
खाडीच्या मधोमध तू म्हणालास,
"वरच्या टप्प्यात शिड्या आहेत."
"वाचलंय मी."
"गंजल्यात म्हणे."
"मग?"
"काही नाही."
पूर्वेला धुरकट होतं,
डोंगर असेल तर त्याच्या मागे.
दाभोळ आलं, टेम्पो खोकत उतरला,
आपणही.

खेडला लॉजवर दोन पिशव्या पलंगावर पसरल्या:
गूळ, शेंगदाणे, चार लिंबं,
तुझी पाण्याची बाटली, माझं क्रेप बँडेज,
आणि एक नवी दोरी, किमतीच्या चिठ्ठीसकट.
ही यादीत नव्हती.
मी चिठ्ठी फाडली, दोरी तळाशी ठेवली,
वर टॉवेल.

दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने
तू अंधाराला सांगावं तसं म्हणालास,
"कुंदा, शिडीवर तू पुढे हो."
"नको. मी मागे येईन."
"का?"
"पिशव्या सांभाळीन."

बाहेर एक एसटी वळली,
तिचा उजेड भिंतीवरून सरकत गेला.
तू हसलास की श्वास सोडलास, कळलं नाही.
मग तुझा हात माझ्या पाठीवर आला,
सपाट, पाची बोटं पसरून,
आणि तिथेच राहिला.

पावणेपाचचा गजर लावलेला.
दाराशी बूट.
माझ्या बुटांना अजून खोबरेलाचा वास.