बी एकशेसातचा दिवा

शिडी एका पायाने लंगडी.
तिच्याखाली गेल्या सत्राच्या वेळापत्रकाची घडी सरकवून
मी वर चढते.
बाहेर लुलेओत दुपारचे दोन, अंधार पडलासुद्धा.
खाडी गोठत आलीय.

फळ्याच्या वर, घड्याळाशेजारी
लिंबाएवढा दिवा.
लाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू.
हिरवा म्हणजे बंद.
पिवळा म्हणजे यंत्राचं अजून ठरत नाहीये.
वरून पत्र आलंय : प्रत्येक वर्गात, नाताळच्या आत.

पत्रामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पत्रात नाही.
ऑक्टोबरात तास संपल्यावर एक मुलगी
टेबलापाशी थांबली होती,
हळू आवाजात काहीतरी सांगत होती,
आणि मायक्रोफोनला हळूबिळू काही कळत नाही.
एकशेबारा जणांनी ते ऐकलं,
परीक्षेच्या तयारीसाठी.
फाइल मीच पुसली.
पुसण्याआधी फक्त आकडा पाहिला,
ऐकलं काही नाही.
थोडं ऐकलं.

छतातून वायर ओढली. कपाटातल्या यंत्राला
दर सेकंदाला एकच प्रश्न विचारणारा
चौदा ओळींचा प्रोग्राम लिहिला :
चालू आहेस? चालू आहेस? चालू आहेस?
तान्ह्याच्या नाकाशी बोट धरून बसावं, तसं.
यंत्र खोटं बोलत नाही, पण सावकाश बोलतं.
सुरू होतं आधी, कबूल करतं नंतर.
मध्ये चार सेकंद.
चार सेकंद खोली ऐकत असते
आणि दिवा हिरवागार.
ते काही केल्या जाईना.

तेवढ्यात स्टूरे कुओप्पाला आले, खनिजशास्त्राचे,
दारातच बुटांचा बर्फ झाडत,
हातात दगडांचा ट्रे.
"झाला?"
झाला म्हटलं, बघा. बटण दाबलं, लाल.
पुन्हा दाबलं, हिरवा.
ते वर बघत राहिले,
पाढा न येणारं पोर फळ्याकडे बघतं तसे.
"आत्ता कुठला आहे?"

एकतीस वर्षं हा माणूस
मुलांना धातुकं ओळखायला शिकवतोय.
मॅलाकाइट हिरवं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ.
यांनी मात्र ते ओळखलं
वजनावरून,
चिनी मातीच्या तुकड्यावर घासताना येणाऱ्या आवाजावरून,
कधी जिभेचं टोक लावून.
"कोणी विचारलंच नाही," म्हणाले.
"आणि विचारलं असतं तर
खाणीत घेतलं नसतं."

मी पुन्हा शिडीवर.
हिरवा काढला. पिवळाही.
आता बंद म्हणजे काळोख,
चालू म्हणजे ठाम उजेड,
आणि त्याआधी तीन वेळा उघडझाप,
जी कुठल्याही डोळ्याला दिसेल.
यंत्रालाच सहा सेकंद थोपवून धरलं,
म्हणजे दिवा आधी सांगेल
आणि मग ते कान टवकारेल.
पत्रात असं काही नव्हतं.
पत्रात तीन रंग होते, तक्त्यासकट.
विचारतील तेव्हा बघू.

कुओप्पाला खाली बसून दगड लावत होते,
ओळीने, मग ओळ मोडून पुन्हा.
"ती येत नाही आता," म्हणाले.
मी पक्कड खिशात घातली.
"माझ्यापाशीच थांबली होती ती.
मी म्हटलं होतं तिला, बोल,
खोली रिकामी आहे."

दिवा बंद होता. दोघांनीही वर पाहिलं,
खात्री करायला.

मग त्यांनी ट्रेमधला एक दगड
माझ्या तळहातावर ठेवला. "ओळख."
मी म्हटलं, करडा, मध्ये लालसर...
"रंग नको."
मी मूठ मिटली.
दगड जड होता, एका बाजूला खरबरीत,
आणि बराच वेळ
गारच राहिला.